इतर हक्क

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की आम्ही परभणीहून जिंतूरला यायचो आणि जिंतूरहून सेनगावची एसटी धरायचो. येलदरीच्या धरणापाशी गाडी आली की वडील खिडकीतून मान बाहेर काढून पाणी बघायचे. आमच्या गावाला त्या धरणाचं थेंबभर पाणी मिळत नव्हतं. पण मे महिन्यात तिथं किती पाणी उरलंय यावरून मागचा पावसाळा कसा गेला आणि गावाकडं नानाकाकाचं कसं चाललं असेल, याचा अंदाज ते बांधायचे. पाणी बरं असलं की म्हणायचे, "औंदा आंबे खाऊ." भिंतीजवळचा गाळ उघडा पडलेला दिसला की सेनगाव येईपर्यंत बोलायचे नाहीत.

सेनगावहून आमचं गाव दहा-बारा किलोमीटर आत. तेव्हा काळीपिवळी जीप मिळाली तर मिळाली, नाहीतर नानाकाका बैलगाडी घेऊन फाट्यावर उभे असायचे. घर मातीच्या माळवदाचं. रात्री आम्ही सगळी लेकरं माळवदावर झोपायचो. थोरल्या आत्याची चार, धाकटीची तीन, काकाची चार, आम्ही दोघं बहीणभाऊ, आणि गल्लीतली दोन-तीन येऊन पडायची ती वेगळीच. दिवसा आखाड्यावरची विहीर, संध्याकाळी बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया चोरून खाणं आणि काकूच्या शिव्या. आत्या आल्या की आजी चुलीपुढून उठायची आणि त्या दोघी तिथं बसायच्या. येसराच्या आमटीला काय पडतंय ते आजी ओसरीवरूनच वासानं ओळखायची. मला तेव्हा वाटायचं की हे घर आत्यांचंच आहे, वर्षातले अकरा महिने त्या काकूला वापरायला देतात.

हे सगळं इतकं सांगण्याचं कारण म्हणजे, २०२४ च्या मे महिन्यात आम्ही पुन्हा सगळे त्या घरी जमलो, आणि ते घर कोणाचं हा प्रश्न माझ्यापुढं पहिल्यांदा खराखुरा उभा राहिला. तोवर तो मला पडलाच नव्हता. ज्याच्या नावावर जमीन असते त्याला असे प्रश्न पडत नाहीत.

आजी आदल्या वर्षी दिवाळीनंतर गेली होती. १० मेला आखिती होती. आजीच्या नावाचा पहिला करा मांडायचा, म्हणून सगळ्यांनी यावं असं ठरलं. मोबाइलवर ग्रुप मीच केला. पुण्याचे, नांदेडचे, छत्रपती संभाजीनगरचे सगळे जोडले. लहानमोठी धरून एकेचाळीस माणसं आली. आमच्या घरात एवढी माणसं आजोबांच्या तेराव्यानंतर जमली नव्हती.

आखितीच्या चार दिवस आधी नानाकाकांचा फोन आला. "धाकट्या आत्याला जिंतूरहून तूच घेऊन ये गाडीत. आन् हे बघ, सोमवारपर्यंत राहा म्हणाव दोघींना. शनिवार-रविवार हापिसं बंद राहतात."

कुठली ऑफिसं, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. जिंतूरपासून घरापर्यंत दीड तास धाकटी आत्या माझ्या शेजारी बसली होती. येलदरीला तिनं गाडी थांबवायला लावली, खाली उतरून पाणी बघितलं आणि म्हणाली, "तुझा बाप इथं आला की मान बाहेर काढायचा." मग पिशवीतून माझ्या मुलीसाठी आणलेली चांदीची साखळी दाखवली. मी साखळी बघितली, छान आहे म्हणालो, आणि सोमवारचं काही बोललो नाही. दीड तासात बोलायला जागा भरपूर होती.

आखितीचा दिवस चांगला गेला. पाण्यानं भरलेले करे मांडले, वर आंबे ठेवले, पितरांची नावं घेतली. आजीचं नाव घेताना नानाकाकांचा आवाज फुटला. दुपारी पुरणपोळी आणि रस. शहरातली लेकरं विहिरीवर गेली, तिथं पाणी तळाला गेलेलं बघून हिरमुसून परत आली. माळवद पाडून आता स्लॅब टाकलाय, रात्री तो तापलेलाच असतो, तरी सगळी वर झोपली.

रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर नानाकाकांनी विषय काढला. सातबारा त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. ज्यांनी सातबारा बघितलेला नाही अशा वाचकांसाठी सांगतो. त्यावर एका बाजूला भोगवटादाराचं नाव असतं, म्हणजे जमीन ज्याची तो. दुसऱ्या बाजूला 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. त्यात कूळ, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा असलं लिहितात. आजोबा १९९८ साली गेले तेव्हा वारस लागले. नानाकाका, माझे वडील आणि आजी ही नावं एका बाजूला आली. दोन्ही आत्यांची नावं दुसऱ्या बाजूला, इतर हक्कात, बँकेच्या बोजाच्या वर. आमच्याकडं घराघरांत असंच झालंय. कायद्याला मुलगी डावलता येत नव्हती आणि गावाला तिला मालक म्हणवत नव्हतं. दोघांच्या भांडणात तिला त्या रकान्यात बसवली.

नानाकाका म्हणाले, "अठरा एकर. त्यातली विहिरीखाली भिजते तीन. बाकी सोयाबीन, तूर, पावसाच्या भरवशावर. पीककर्जाला जा, सामाईक खातेदाराची संमती आणा. नव्या विहिरीचं अनुदान बघा, संमती आणा. आता मी सहासष्टाचा झालो. मी मेल्यावर माझ्या पोरांनी सह्या मागत रिसोडला आन् जिंतूरला फिरावं का? सगळे हायेत तर सोमवारी हक्कसोड करून टाकू."

हक्कसोड म्हणजे सहहिस्सेदारानं आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात सोडून देणं. पैसा घ्यायचा नाही, नोंदणी करायची. कागदावर लिहिलेलं असतं की हे मी राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय करते.

मला त्या एका शब्दाविषयी लिहायचं आहे. राजीखुशी.

थोरली आत्या लगेच म्हणाली, "कुठं करायची ती सही, सांग बाबा." माझा एक चुलतभाऊ पटकन बोलून गेला, "आत्याचं मन लई मोठं."

आत्यानं त्याच्याकडं बघितलं. "सही करते. पण मला मोठ्या मनाची म्हणू नका. नाही म्हणायला दुसरी वाट ठेवलीय का तुम्ही? नाही म्हणलं तर उद्या या ओसरीवर मला पाणी कोण देईल?"

कोणी काही बोललं नाही. काकू आत निघून गेली. धाकटी आत्या सुपारी कातरत बसली होती, तिनं अडकित्ता थांबवला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वरवर बघितलं तर यात बरोबर-चूक सोपं आहे. १९५६ च्या कायद्यानं मुलीला बापाच्या हिश्शात वारस केलं. १९९४ साली महाराष्ट्रानं, तोवर लग्न न झालेल्या मुलींना, आणि २००५ साली देशानं सगळ्याच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखंच जन्मानं हिस्सेदार केलं. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी २००५ साली बाप जिवंत असायला पाहिजे असं काही नाही. कायद्यापुरता प्रश्न मिटला. पण ओसरीवर बसलेल्या माणसांकडं बघितलं की तो मिटत नाही.

नानाकाका काही लबाड माणूस नाही. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, आठवीत. आजोबांनी त्यांना शाळेतून काढलं आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला लावलं. माझे वडील अकरा वर्षांचे, त्यांना शाळेत ठेवलं. एकाला तरी शिकू द्यायचं, असा हिशोब. वडील शिकले, मास्तर झाले, परभणीला गेले, आणि म्हणून मी आज पुण्यात गार हवेत बसून हे लिहितोय. त्या दिवशी नानाकाकांनी शाळेवरचा हक्क सोडला. त्याची नोंदणी कुठं झाली नाही, आणि चौदा वर्षांच्या पोराला कोणी राजीखुशी विचारली नाही. पुढं आजी अंथरुणावर पडली ती अकरा वर्षं. तिचं सगळं नानाकाका आणि काकूनं केलं. आम्ही सुटीत यायचो, फळं आणायचो, पाया पडायचो. मग अठरा एकर त्यांच्याकडंच राहावेत असं त्यांना वाटलं तर त्यात मी हसण्यासारखं काय आहे?

पण दुष्काळाची गोष्ट अर्धीच सांगायची आपल्या घरात रीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी थोरल्या आत्याला तसं म्हणालो, की नानाकाकानं खडी फोडली म्हणून जमीन राहिली. ती शेवया मोडत होती. म्हणाली, "आन् पाटी कोण वाहत होतं रे? मी सोळा वर्षांची होते. त्यो फोडायचा, मी वाहायची. मिलोच्या तांबड्या भाकरी दोघंबी खायचो. हप्ता आजोबाच्या हातात जायचा. तेव्हा सावकाराला चार एकर द्यायचं ठरलं होतं, त्या हप्त्यांनी ते वाचले. दोन वर्षांनी माझं लग्न झालं, मी गेले. तो राहिला. राहिलेल्याची जमीन झाली."

मी विचारलं, "मग सही काहून करायलीस?"

"मला माहेर पाहिजे," ती म्हणाली. "चार एकर घेऊन काय करू? माझ्या पोरांना रिसोडला पुरंसं हाय. मला आखितीला यायला घर पाहिजे."

म्हणजे हा सौदा होता. एका बाजूला जमीन, एका बाजूला माहेर. आणि सौदा दोन्ही बाजूंना कळत होता, फक्त कागदावर त्याला राजीखुशी म्हणायचं होतं. ज्याला नाही म्हणता येतं त्याच्याच हो ला काही अर्थ असतो. भिकाऱ्यानं नवस सोडला आणि सावकारानं कर्ज सोडलं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. आत्यानं सोडलं असं म्हणायचं तर आधी ते तिच्या हातात एकदा तरी दिलं पाहिजे होतं. मूठ उघडी करून दाखवायची आणि म्हणायचं, घे, तुझं आहे. मग ती म्हणाली असती की ठेव बाबा तुझ्याकडंच, तर ते देणं झालं असतं. आम्ही काय केलं? बंद मुठीसमोर तिची सही घेतली आणि तिच्या मनाचं कौतुक केलं. कौतुक हीच त्यातली खरी लबाडी. कौतुकानं घेणाऱ्याचं ओझं उतरतं आणि देणारीचं तोंड बंद होतं.

याला कोणी म्हणेल, घरात कोण कुठं मोकळेपणानं देतं? नानाकाकानं तरी शाळा मोकळेपणानं सोडली का? आईनं झोप मोकळेपणानं सोडलेली असते का? नातं म्हणजेच एकमेकांना थोडं बांधून घेणं. हे मला पटतं. हिशोब मांडायला बसलं तर एकाही घराचं जमाखर्च जुळणार नाही. पण मग एक गोष्ट तरी बघावी: बांधून घेण्याची पाळी दर वेळी कोणावर येते? नानाकाकाची शाळा गेली, पण त्याच्या बदल्यात, उशिरा का होईना, जमीन आली आणि गावात नाव आलं. आत्याची पाटी वाहिलेली कोणाच्या लक्षातही नव्हती. तिची आठवण काढायला मलाही बावन्न वर्षांनी शेवया मोडताना विचारावं लागलं.

नानाकाका एके काळी छातीवर लाल बिल्ला लावून शेतकरी संघटनेच्या सभांना जायचे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं मोठं अधिवेशन झालं आणि पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की शेतकऱ्यानं आपल्या हातानं थोडी तरी जमीन बायकोच्या नावावर करावी. कायद्यानं नाही, देणं लागतो म्हणून. नानाकाकांना ते आजही पटतं. त्या शनिवारी मी त्यांना म्हणालो, "मग बहिणीचं काय?" ते बराच वेळ गोठ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "बायको घरात राहते रे. बहिणीचं घर दुसरं." मग थोड्या वेळानं, "तू केलंस का तुझ्या बहिणीचं?"

आता माझं सांगतो.

माझे वडील २०१९ साली गेले. त्यांच्या हिश्शाला आई, मी आणि माझी बहीण असे वारस. २०२१ साली बहिणीनं माझ्या लाभात हक्कसोड करून दिलं. मी तिला मागितलं सुद्धा नव्हतं, असं मी लोकांना सांगतो. मागितलं नव्हतं हे खरं. मी एवढंच म्हणालो होतो की "तुझं काय ते तू बघ, माझा काही आग्रह नाही." हे मी कागद तयार करून, तिकीट लावून, तिच्या पुढ्यात ठेवून म्हणालो होतो. ती सही करून बाहेर आली, आम्ही समोरच्या गाड्यावर उसाचा रस प्यालो. ती हसत म्हणाली, "झालं ना तुझं काम?" मी पण हसलो. तीन वर्षं मी ते हसणं राजीखुशी म्हणून जपून ठेवलं होतं. नानाकाकांनी विचारलं तेव्हा त्यातलं 'तुझं' मला पहिल्यांदा ऐकू आलं.

सोमवारी दोन गाड्या तालुक्याला गेल्या. थोरल्या आत्यानं सही केली. धाकटी आत्या बाहेर लिंबाखाली बसली होती. तिला बोलवायला मी गेलो. ती म्हणाली, "मी नाही करत. भांडत पण नाही. वाटणी मागणार नाही, पीक मागणार नाही. बँकेला संमती लागली तर फोन करा, देईन. पण माझं नाव राहू द्या त्या कागदावर. इतर हक्कात तर इतर हक्कात."

नानाकाका तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. परतताना ती माझ्याच गाडीत होती. येलदरीला मी आपसूक गाडी हळू केली. तिनं पाण्याकडं बघितलं नाही. जिंतूरला उतरताना म्हणाली, "तुला माहीत होतं ना रे? येतानाच?" मी हो म्हणालो. "मग सांगायचं होतंस," एवढंच म्हणाली आणि माझ्या मुलीच्या पायातली साखळी नीट करून घरात गेली.

त्या दिवाळीला नानाकाका थोरल्या आत्याला आणायला रिसोडला गेले. जिंतूरला गेले नाहीत. थोरली आली, दोन दिवस राहिली, गुडघे दुखतात म्हणून लवकर गेली. घरात सगळे म्हणत होते, बघा, एकीनं मन राखलं, एकीनं माहेर तोडलं.

२०२५ ची आखिती ३० एप्रिलला आली. मी एकटाच गावाकडं गेलो होतो. थोरल्या आत्याला दोनदा फोन झाले, ती आली नाही. या वेळीही गुडघेच. दुपारी बारा वाजता, उन्हात, फाट्यावरून रिक्षा करून धाकटी आत्या आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. हातात केशर आंब्यांची पिशवी. चपला काढल्या, सरळ आत गेली, कऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि ओसरीवर येऊन बसली. नानाकाका अवघडून उभे होते. तिनंच विचारलं, "काय बघतोस? पाणी दे."

नानाकाका म्हणाले, "निरोप पाठवला नव्हता तुला..."

"पाव्हण्याला निरोप लागतो," आत्या म्हणाली. "माझं नाव हाय इथं."

नानाकाकांनी पाणी आणलं. स्वतः आणलं, तांब्या विसळून. दोघं बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग हळदीला हिंगोलीच्या मोंढ्यात काय भाव लागला यावर बोलायला लागले.

मी खूप विचार केला की असं का झालं. जिनं माहेर राहावं म्हणून सही दिली, तिचे पाय तिथं अडखळायला लागले. जिनं दिली नाही, ती उंबरा ओलांडून सरळ आत आली. मला वाटतं, सही करताना थोरल्या आत्याला एक गोष्ट कळली असावी: ज्या घरात राहण्याची किंमत द्यावी लागते, ते घर आपलं नसतं, भाड्याचं असतं. भाडं भरलं तरी. याचा अर्थ प्रत्येक बहिणीनं हिस्सा मागावा असा मी काढत नाही. अठरा एकराचे सात तुकडे झाले तर त्यावर कोणाचंच पोट भरणार नाही, हा नानाकाकांचा मुद्दा आजही तसाच उभा आहे आणि माझ्याकडं त्याला उत्तर नाही. राबणाऱ्यानं पीक घ्यावं, हे धाकटी आत्याही मान्य करते. पण पीक एक आणि नाव एक. पोटासाठी लागतं ते पीक. उन्हाच्या वेळी न बोलावता येऊन पाणी मागायला नावच लागतं.

त्या संध्याकाळी स्लॅबवर जाऊन मी बहिणीला फोन केला. काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, पण आवाज ऐकल्यावर सगळं विसरलो. म्हणालो, "सुटीत लेकरांना घेऊन गावाकडं ये ना. आपण जाऊ."

"काहून रे?" ती म्हणाली. "काही सही राहिली का?"

ती हसत होती. या खेपेला मी त्या हसण्याचा सोयीचा अर्थ लावला नाही.

"हो," म्हणालो. "पण ती मला करायची आहे."

पलीकडं थोडा वेळ शांतता होती. मग तिनं विचारलं, येलदरीला पाणी किती आहे. मी येताना बघायला विसरलो होतो.